टाइप १ मधुमेह असलेल्या मुलीसाठी इन्सुलिन पंप घ्यावा की इंजेक्शनेच चालू ठेवावीत?

प्रश्न : चोपड्याचे पालक

नमस्कार. माझी मुलगी अकरा वर्षांची असून तिला टाइप १ मधुमेह आहे. आम्ही चोपडा तालुक्यात राहतो आणि घरी केळी व कापसाची शेती आहे. सध्या तिला रात्री दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचे एक आणि तिन्ही जेवणांपूर्वी जलद इन्सुलिनचे एकेक अशी चार इंजेक्शने पेनने (पेनासारख्या दिसणाऱ्या इंजेक्शनच्या साधनाने) देतो. दिवसभराचे इन्सुलिन साधारण २५ युनिट होते. मागच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) ८ टक्क्यांच्या वर आले. मुख्य अडचण पहाटेची आहे. रात्री झोपताना साखर १३० असली, तरी सकाळी उठेपर्यंत ती २२० पर्यंत गेलेली असते. ती उतरावी म्हणून रात्रीचे इन्सुलिन वाढवले, तर मध्यरात्री साखर इतकी खाली येते की तिची आई रात्रभर जागत राहते.

नाशिकच्या डॉक्टरांनी सेन्सर (त्वचेवर बसवून साखर सतत मोजणारे उपकरण) जोडलेल्या इन्सुलिन पंपाचा (अंगावर बाळगून नळीने सतत इन्सुलिन सोडणाऱ्या लहान यंत्राचा) विचार करण्यास सांगितले आहे. केळीचे पैसे हाती आले की पंपाची रक्कम कशीबशी उभी करता येईल, परंतु त्यानंतर दर महिन्याला लागणाऱ्या साहित्याचा खर्च कायमचा आहे, आणि शेतीचे उत्पन्न काही दर महिन्याला येत नाही. नातेवाईक म्हणतात की पंप लावला म्हणजे टोचणे संपले आणि पथ्यही संपले. हे कितपत खरे आहे, हे मला अनुभवी लोकांकडून समजून घ्यायचे आहे. त्याचबरोबर आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. अशा हवेत अंगावर बाळगलेल्या यंत्रातील इन्सुलिन टिकते का? पंप वापरणाऱ्यांनी आणि जाणीवपूर्वक इंजेक्शनांवरच राहिलेल्यांनी, दोघांनीही लिहावे ही विनंती.

उत्तर : जळगावची आई

दादा, माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि गेली काही वर्षे तो सेन्सर जोडलेला पंप वापरतो. आपण पहाटेच्या साखरेचे जे वर्णन केले आहे, तेच आमचे पंप घेण्याचे मुख्य कारण होते. पहाटे शरीरात वाढीची आणि इतर संप्रेरके जास्त प्रमाणात सुटतात आणि त्यांच्यामुळे साखर चढते. वयात येणाऱ्या मुलांमध्ये हा त्रास अधिक दिसतो. दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन एकदा टोचले की ते रात्रभर जवळजवळ एकाच गतीने काम करते. मध्यरात्री कमी आणि पहाटे तीननंतर जास्त, असे त्याला सांगता येत नाही. पंपात मात्र तासागणिक वेगळा दर ठरवता येतो, आणि सेन्सर जोडलेला असेल तर साखर खाली जाऊ लागताच पंप स्वतः इन्सुलिन थांबवतो. आमच्या घरातील रात्रीची झोप यामुळे परत आली, आणि केवळ तेवढ्यासाठीही मी पंपाची ऋणी आहे.

परंतु नातेवाईक सांगतात ते खरे नाही. जेवणापूर्वी ताटात किती कर्बोदके आहेत याचा अंदाज करून तो आकडा पंपाला सांगावाच लागतो, आणि तोही शक्यतो जेवणाच्या पंधरा मिनिटे आधी. आखाजीला आमरस आणि खापरावरचे मांडे समोर आले की पंप आपणहून काही ओळखत नाही. साखर चढू लागल्यावर तो मागून इन्सुलिन देत राहतो, पण तोवर उशीर झालेला असतो. शेवभाजीसारख्या तेलकट जेवणात तर साखर लगेच न वाढता तीन-चार तासांनी वाढते. काही पंपांत अशा जेवणासाठी बोलसचा (जेवणासाठी द्यायच्या इन्सुलिनच्या मात्रेचा) काही भाग लगेच आणि उरलेला सावकाश देण्याची सोय असते. स्वयंचलित पद्धत (सेन्सरच्या आकड्यावरून पंपाने स्वतः इन्सुलिन कमी-जास्त करणे) चालू असताना ही सोय सर्व पंपांत मिळत नाही, म्हणून घेण्यापूर्वी ते नक्की विचारावे.

टोचणेही संपत नाही, कमी होते. कॅन्युला (त्वचेखाली बसवलेली बारीक नळी) दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते, सेन्सर वेगळा बसवावा लागतो, आणि लक्षणे व आकडा यांचा मेळ बसत नसेल तर बोट टोचून खात्री करावी लागते. सेन्सर रक्तातील नव्हे, तर त्वचेखालील द्रवातील साखर मोजतो. म्हणून साखर झपाट्याने बदलत असताना त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो.

आता उन्हाळ्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना ही अडचण आपल्याइतकी जाणवत नाही. पंपात वापरल्या जाणाऱ्या जलद इन्सुलिनच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असते की ३७ अंशांपेक्षा जास्त तापलेले इन्सुलिन वापरू नये. घरात सावलीला, कपड्यांच्या आत पंप असेल तर फारशी अडचण येत नाही. दुपारी मोटारसायकलवरून जाताना किंवा शेताच्या बांधावर उभे राहिल्यावर मात्र ऊन थेट पंपावर पडते. केळीच्या बागेत गारवा असतो, पण तिथवर जाणारा रस्ता उघडाच असतो. आम्ही सुती कापडाचा दुहेरी पट्टा शिवून घेतला असून पंप त्यात, आतल्या कपड्यांखाली राहतो. लांबच्या प्रवासात पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी सोबत असते. बर्फ मात्र कधीही इन्सुलिनला लागू देऊ नये, कारण गोठलेले इन्सुलिन कायमचे निकामी होते. उन्हाळ्यात आम्ही पंपात दोन दिवस पुरेल एवढेच इन्सुलिन भरतो, म्हणजे तापल्याची शंका आली तर थोडेच टाकून द्यावे लागते. शीतकपाटातून काढलेले इन्सुलिन लगेच भरले की नळीत बुडबुडे होतात, म्हणून ते आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. घामाने चिकटपट्टी सुटते, हीसुद्धा इथल्या उन्हाळ्यातील रोजची कटकट आहे. त्वचा पूर्ण कोरडी करून वरून आणखी एक पट्टी लावल्याने ती बरीच टिकते.

विजेची काळजी त्या मानाने कमी करावी. आमचा पंप साध्या पेन्सिल सेलवर चालतो आणि जास्तीचे सेल घरात असतातच. काही पंप चार्ज करावे लागतात, त्यामुळे आपण पाहत असलेला पंप कोणत्या प्रकारचा आहे ते विचारून घ्या.

उत्तर : भुसावळकर

मी रेल्वेत नोकरी करतो आणि लहानपणापासून टाइप १ मधुमेहासह जगत आहे. पंप मला परवडला असता, तरी मी इंजेक्शनांवरच राहण्याचे ठरवले. माझी कामाची पाळी बदलती आहे, हातात अवजारे असतात आणि अंगावर नळी नको वाटते, ही माझी वैयक्तिक कारणे झाली. ताईंनी पंपाविषयी लिहिलेले सर्व मला मान्य आहे. मला फक्त एवढेच सांगायचे आहे की पंप न घेणारे पालक मुलावर अन्याय करतात, असे कोणीही मनात आणू नये.

मधुमेहाच्या उपचारांची दिशा बदलणारा जो मोठा अभ्यास अमेरिका व कॅनडात झाला आणि १९९३ मध्ये ज्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात १,४४१ रुग्ण होते. ज्यांनी साखरेवर काटेकोर नियंत्रण ठेवले, त्यांच्यात डोळ्यांचा विकार नव्याने उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. त्या गटात दिवसातून तीन किंवा अधिक इंजेक्शने घेणारेही होते आणि पंप वापरणारेही होते. फायदा काटेकोर उपचारांचा होता. इन्सुलिन सुईने गेले की नळीने, हा प्रश्न दुय्यम होता. त्याच अभ्यासात काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपल्या मुलीच्या आईला रात्रभर जाग येते, त्यामागची भीती खरी आहे.

म्हणून माझी सूचना अशी की पंपाआधी सेन्सर घ्यावा. पेनने इन्सुलिन घेत असतानाही सेन्सर लावता येतो, तो एकदा बसवला की साधारण दोन आठवडे टिकतो, आणि रात्री साखर केव्हा घसरते व पहाटे केव्हा चढते हे आलेखावर दिसते. सलग शक्य नसेल तर तपासणीपूर्वीचे दोन आठवडे तरी लावावा. असा आलेख हातात असताना डॉक्टरांशी होणारी चर्चा वेगळीच होते. कदाचित इन्सुलिनची वेळ किंवा प्रकार बदलूनही पहाटेची साखर बरीच आटोक्यात येईल. मुलांसाठी अर्ध्या युनिटची मात्रा देणारे पेनही असतात. २५ युनिट घेणाऱ्या मुलीला एका युनिटचा फरकही मोठा असतो.

इंजेक्शनांविषयी दोन गोष्टी अगदी काटेकोरपणे पाळाव्यात. एकाच जागी वारंवार टोचल्याने त्वचेखाली गाठीसारखा थर तयार होतो आणि तिथून इन्सुलिन कधी कमी तर कधी जास्त शोषले जाते. मुलीच्या पोटावरून आणि मांड्यांवरून बोटे फिरवून पाहा. असा थर लागला तर ती जागा काही महिने सोडून द्या. बेभरवशाच्या साखरेचे हे एक मोठे आणि दुर्लक्षित कारण आहे. दुसरी गोष्ट बाटलीची. आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या मिलिलिटरमागे ४० युनिटच्याही असतात आणि १०० युनिटच्याही, तर पेनमधील इन्सुलिन सहसा १०० युनिटचे असते. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी असते. यात अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट कमी किंवा जास्त होते. पंप घेतलात तर हे आणखी महत्त्वाचे ठरते, कारण पंप १०० युनिटच्या इन्सुलिनच्या हिशेबाने चालतो. गावातील औषधाच्या दुकानात हाती आलेली बाटली न वाचता पंपात भरू नये.

माठाची गोष्टही सांगतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे हा नियम आहे, पण वीज दिवसभर गेली तर पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या भांड्यात, इन्सुलिनला पाणी लागणार नाही अशा डब्यात ते ठेवणे हा चांगला तात्पुरता उपाय आहे. आपला वैशाख कोरडा असल्याने माठ इथे चांगला गार होतो. पावसाळ्याच्या दमट हवेत तेवढा होत नाही. निर्वासितांमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आणि जिनिव्हा विद्यापीठाने केनियातील दागाहले छावणीच्या हवामानावरून केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २५ ते ३७ अंशांदरम्यान वर-खाली होणाऱ्या तापमानात इन्सुलिन चार आठवडे प्रभावी राहते, असे त्यात आढळले. मात्र तिथली मर्यादा ३७ ची आहे आणि आपल्या पत्र्याच्या छताखाली पारा त्याच्या पुष्कळ वर जातो.

उत्तर : धुळ्यातील डॉक्टर

मी मधुमेहाच्या रुग्णांवर उपचार करतो. वरील दोन्ही उत्तरे अनुभवातून आलेली आणि योग्य आहेत. मी त्यात थोडी वैद्यकीय भर घालतो. मुलीला तपासलेले नसल्याने मात्रेविषयी येथे सल्ला देणार नाही.

"पंप" या एका नावाखाली दोन निरनिराळी यंत्रे येतात आणि बरीचशी गल्लत तिथेच होते. साधा पंप आपण ठरवून दिलेल्या दराने इन्सुलिन सोडतो, त्याला साखर कळत नाही. अशा पंपाची इंजेक्शनांशी तुलना करणारा मुलांवरचा अभ्यास इंग्लंड व वेल्समध्ये झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकतेच निदान झालेल्या मुलांमध्ये एका वर्षानंतर एचबीए१सीच्या बाबतीत पंपाचा अधिक फायदा त्यात दिसला नाही. प्रौढांवर झालेल्या २०१७ च्या ब्रिटिश अभ्यासात दोन्ही गटांना आहार व मात्रा ठरवण्याचे सारखेच प्रशिक्षण दिले होते, आणि तिथेही पंपामुळे विशेष फरक पडला नाही. सेन्सरच्या आकड्यावरून स्वतःच इन्सुलिन कमी-जास्त करणाऱ्या पंपाचे निष्कर्ष मात्र वेगळे आहेत. ६ ते १३ वर्षांच्या मुलांवरील २०२० च्या अमेरिकी अभ्यासात, सेन्सर लावलेल्या पण स्वयंचलित नसलेल्या उपचारांच्या तुलनेत, साखर ७० ते १८० च्या दरम्यान राहण्याचा वेळ दिवसाला सुमारे २.६ तासांनी वाढला, आणि त्यातील मोठा वाटा रात्रीचा होता. आपली अडचण रात्रीचीच आहे, तेव्हा मोठी रक्कम खर्च करायचीच असेल तर ती स्वयंचलित पंपासाठी करावी. साध्या पंपावर तेवढा पैसा घालणे, या वयाच्या मुलीसाठी, मला पटत नाही.

आता धोक्याविषयी. पंपात फक्त जलद इन्सुलिन असते. इंजेक्शन घेणाऱ्याच्या शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा साठा असतो, म्हणून जेवणाचे एक इंजेक्शन चुकले तरी साखर वाढते, पण शरीर पूर्णपणे इन्सुलिनविना राहत नाही. पंपाची नळी वाकली, कॅन्युला निघाली किंवा इन्सुलिन तापून निकामी झाले, तर काही तासांतच कीटोन (इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागल्यावर रक्तात साचणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढू लागतात आणि मुलाला उलट्या, पोटदुखी, धाप ही लक्षणे दिसतात. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. त्यामुळे पंपावर असताना साखर कारणाशिवाय २५० च्या वर गेली आणि पंपाने दिलेल्या मात्रेने तास-दोन तासांत उतरली नाही, तर पंपावर भरवसा ठेवत बसू नये. कीटोन तपासावेत, पेनने इन्सुलिन द्यावे आणि नळी व कॅन्युलाचा संपूर्ण सेट नव्या इन्सुलिनसह बदलावा. हा नियम घरातील प्रत्येकाला तोंडपाठ असला पाहिजे. चोपड्याहून मोठे रुग्णालय गाठायला लागणारा वेळ लक्षात घेता कीटोनच्या पट्ट्या घरात असणे मी अत्यावश्यक मानतो.

उन्हाळ्याविषयी एक भर. उष्णतेने त्वचेखालील रक्तप्रवाह वाढतो आणि टोचलेले इन्सुलिन लवकर शोषले जाते. त्यामुळे उन्हात खेळून आल्यावर साखर खाली जाण्याची शक्यता वाढते, मग मुलगी पंपावर असो वा इंजेक्शनांवर. साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.

कर्बोदकांची मोजणी आजपासूनच शिकायला घ्या, कारण दोन्ही मार्गांना तिची गरज आहे. सुरुवातीचा ठोकताळा म्हणून ५०० ला दिवसाच्या एकूण युनिटांनी भागतात. २५ युनिट असतील तर एक युनिट साधारण २० ग्रॅम कर्बोदकांना पुरते. सोललेल्या १०० ग्रॅम केळात सुमारे २३ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे आपल्या बागेतील एका मध्यम केळासाठी एक युनिटाहून थोडे अधिक इन्सुलिन लागेल. हा ठोकताळा प्रत्येक मुलात आणि दिवसाच्या प्रत्येक वेळी बदलतो, तेव्हा आपल्या डॉक्टरांकडून तो तपासून घ्या. घरात तराजू ठेवा आणि भाकरीचे पीठ, भात, फळ काही आठवडे वजन करून पाहा. कळण्याची भाकरी किती जाड थापली जाते हे कोणत्याही पुस्तकात नसते, ते आपल्याच चुलीवर मोजावे लागते. मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला यात सोबत घ्या, कारण पुढे हे तिलाच करायचे आहे.

प्रश्नकर्ते : चोपड्याचे पालक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन प्रकारचे पंप असतात हे मला आजवर कोणीही इतक्या स्पष्टपणे सांगितले नव्हते. आम्ही घरात असे ठरवले आहे की या हंगामात सेन्सर घ्यायचा, मोजणी शिकायची आणि आलेख घेऊन नाशिकला जायचे. तरीही पंपाची गरज भासली तर स्वयंचलितच घ्यायचा, आणि त्याआधी वर्षभराच्या साहित्याचे पैसे बाजूला काढून ठेवायचे. मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली की पंप चालेल, पण शाळेत सर्वांना दिसायला नको. तिच्या या म्हणण्याला कसे उत्तर द्यावे ते मला समजले नाही. शाळेशी काय बोलावे, हेही कृपया सांगावे.

उत्तर : जळगावची आई

दादा, तिचे म्हणणे पूर्णपणे रास्त आहे आणि ते मानले पाहिजे. पंप कपड्यांच्या आत राहतो आणि कित्येकांना तो दिसतही नाही. तरीही तिला नकोच असेल तर पेनवर राहण्याचा हक्क तिचा आहे. मनाविरुद्ध लावलेला पंप मुले काढून ठेवतात, आणि डॉक्टरांनी वर सांगितलेला धोका तेव्हाच सर्वांत मोठा असतो. शक्य असेल तर पंप वापरणाऱ्या तिच्या वयाच्या एखाद्या मुलीशी तिची भेट घालून द्या. आपण सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा तिचे एक वाक्य अधिक उपयोगी पडेल.

शाळेसाठी मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज करा आणि सोबत डॉक्टरांचे पत्र जोडा. वर्गात साखर तपासणे, इन्सुलिन घेणे, मधल्या वेळी खाणे आणि परीक्षेत ग्लुकोज व पाणी जवळ ठेवणे, या सर्वांची परवानगी त्यात स्पष्ट मागा. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र पाठवून टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांना शाळेत अशा सोयी देण्याविषयी सांगितले आहे, त्याचा उल्लेख अर्जात अवश्य करा. वर्गशिक्षक आणि क्रीडाशिक्षक दोघांनाही साखर कमी झाल्याची लक्षणे समजावून सांगा: घाम, थरथर, चिडचिड, अचानक गप्प होणे. अशा वेळी तिला एकटीला घरी पाठवू नये, हे तर दोनदा सांगा.

उत्तर : धुळ्यातील डॉक्टर

पुढे पंप घेतलात तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून एक कागद लिहून घ्या. पंप पूर्ण बंद पडल्यास दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन किती युनिट द्यायचे, जेवणाचे प्रमाण काय, आणि वाढलेली साखर उतरवण्यासाठी एका युनिटमागे किती घट धरायची, हे तीन आकडे त्यावर हवेत. मुलीचे वजन आणि गरज बदलत जाते, म्हणून प्रत्येक तपासणीला तो कागद नव्याने भरून घ्यावा. त्याची एक प्रत शीतकपाटावर, एक शाळेत आणि एक तिच्या दप्तरात ठेवावी, आणि दोन्ही प्रकारच्या इन्सुलिनचे पेन मुदत तपासून कायम घरात ठेवावेत.